गच्चीवरचा ओझोन कोण पळवतंय?

"रविवारी दुपारी बारा वाजता सगळ्यांसमोर पाणी गुलाबी झालं नाही, तर सेक्रेटरीपद सोडतो!"

मीरा रोडच्या नवकिरण सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पंढरीनाथ गुरवांनी हे स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली कागद फाटेल इतक्या जोरात सही ठोकली. गेल्या पावसाळ्यात अर्ध्या बिल्डिंगला कावीळ झाली, तेव्हा सगळ्यांशी भांडून त्यांनीच गच्चीवरच्या टाकीला ओझोनचं मशीन बसवलं होतं. ओझोन पाण्यातले जंतू मारतो. तो पाण्यात आहे की नाही हे बघायला कंपनीने औषधाची बाटली दिली होती. दोन थेंब टाकायचे. पाणी गुलाबी झालं की ओझोन आहे. सोपं!

पण मे महिना लागला आणि सकाळी गुलाबी होणारं पाणी दुपारी ढिम्म रंग बदलेना! लोक हसायला लागले, म्हणूनच ती नोटीस! पंढरीनाथांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मशीन तर घुरघुरतंय, मग ओझोन जातो कुठे? ते तणतणत गच्चीवर गेले. तिथे नाकाला झोंबणारा वास आणि टाकीला लागूनच सातव्या मजल्यावरच्या उर्मिलाबेन शाहांचे पापड! संपला तपास.

"उर्मिलाबेन, मशीनच्या पाइपला भोक पाडलंत ना? पापडांना बुरशी नको म्हणून सोसायटीचा ओझोन चोरताय!"

"अरे गुरवभाई, मगज फिरला काय तुमचा? चाळीस वर्षं पापड बनवते मी. त्या ओझोनच्या वासाने उलटं माझंच डोकं दुखतंय!"

शनिवारी कंपनीचा मेकॅनिक स्वप्नील आला. त्याने टाकीत थर्मामीटर बुडवला आणि कपाळावर हात मारला.

"काका, काळी टाकी, वर हे ऊन. चाळीस डिग्री झालंय पाणी! ओझोन थंड पाण्यात टिकतो. गरम पाण्यात तो धड विरघळत नाही, विरघळला तरी लगेच संपतो. बाकीचा सगळा हवेत उडतोय. टाकीवर शेड टाका."

"उद्या बाराच्या आत होईल शेड?"

"कशी होईल?"

"मग अक्कल शिकवू नकोस!"

उर्मिलाबेनची माफी मागायचं पंढरीनाथांच्या मनातही आलं नाही. पाणी थंड पाहिजे, एवढंच डोक्यात. त्यांनी गोडदेवच्या राघो बर्फवाल्याला फोन लावला.

"उद्या अकराला आठ लाद्या गच्चीवर!"

"कशाला पायजे, साहेब?"

"तुला काय करायचंय? थंड असला म्हणजे झालं!"

रविवारी अकरा वाजता लाद्या टाकीत पडल्या. बारा वाजता सगळी सोसायटी गच्चीवर जमली. पंढरीनाथांनी टाकीतून ग्लास भरला, दोन थेंब टाकले. पाणी गुलाबी! चांगलं गुलाबजामच्या पाकिटावर असतं तसं गुलाबी!

"बोला! कोणाला हवा होता राजीनामा?" पंढरीनाथ गरजले.

उर्मिलाबेन चष्मा लावून पुढे आल्या. "गुरवभाई, यात चमकतंय काय?"

गुलाबी पाण्यात एक चंदेरी खवला संथपणे तरंगत होता.

"राघो! हे काय आहे?"

"पापलेटचा हाय," पैशांसाठी थांबलेला राघो म्हणाला. "कोळणींच्या पेटीतल्या लाद्या हायेत. काल मासे होते त्यावर."

"आणि हे आत्ता सांगतोस?"

"तुमी थंड पायजे बोल्लात. चांगला पायजे बोल्लाच न्हाय!"

"हे भगवान! साडेअकराला याच पाण्यात मी डाळ चढवली!" उर्मिलाबेन किंचाळल्या.

गेटला कुठला रंग द्यायचा यावर आठ वर्षं एकमत न झालेल्या नवकिरण सोसायटीने अर्ध्या मिनिटात पहिला एकमताचा ठराव केला: सेक्रेटरी बदलायचा. पंढरीनाथ वर झालेले हात मोजत होते. शेवटचा हात त्यांच्या बायकोचा, अनसूयाचा होता.

"हात खाली कर!" ते ओरडले.

"करते," अनसूया शांतपणे म्हणाली. "मोजून झालं का?"