आडनाव चपलांजवळ ठेवा

आमच्या विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहात कुणी कुणाला आडनाव विचारलं, तर विचारणाऱ्याला त्या दिवशी खानावळीत पंचवीस भाकरी थापाव्या लागतात. हा नियम कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही. तो आमच्या अधीक्षक मालनबाईंचा आहे, आणि त्यांच्याकडे पुस्तक मागायची कुणाची छाती नाही.

मी त्यांच्या हाताखाली लिपिक म्हणून रुजू झाले, त्याच सकाळी एका मुलीचा अर्ज हातात घेऊन सवयीनं विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आडनाव चपलांजवळ ठेवायचं इथं. कागदावर लिहिलंय ना? वाच की मग. तोंडानं कशाला विचारती?"

दुपारी मी परातीपुढे होते. सहाव्या भाकरीला स्वयंपाकाच्या शांतामावशी बाईंकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, हिला माफ करा. पीठ लई वाया चाललंय."

आपल्याकडे आडनाव कळलं की माणूसच कळल्यासारखा वाटतो. कुठं बसवायचं, किती हसायचं, पाणी विचारायचं की नाही, सगळं आपोआप ठरतं. बाईंचं म्हणणं एवढंच, की निदान पंधरा दिवस पोरींनी एकमेकींना न कळता राहावं. एकदा कुणाशी गट्टी जमली की मग आडनाव कळून कळून काय कळणार?

एकदा तपासणीला आलेल्या एका बड्या साहेबांनी एका मुलीला कौतुकानं विचारलं, "कुणाची गं तू?" बाईंनी ते आडनाव विचारण्यातच धरलं. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. साहेबांनी सात थापल्या, बऱ्या थापल्या. उरलेल्या ड्रायव्हरवर सोपवायला निघाले तर बाई म्हणाल्या, "नाय साहेब. विचारलं तुमी." त्यांच्या अहवालात आमच्या खानावळीविषयी फार आपुलकीनं लिहून आलं.

खोल्या वाटायची बाईंची तऱ्हाही अशीच. नव्या मुलीला समोर बसवून त्या विचारायच्या, "घोरती का? पहाटं उठती का? रडू आलं तर कुणी जवळ लागतं का एकटीच रडती?" उत्तरं एका वहीत टिपायची आणि त्यावरून जोड्या लावायच्या. घोरणाऱ्या घोरणाऱ्यांत. रडणारीजवळ एक बडबडी. यंदा खुलताबादच्या रुखसानाला बडबडीचं खातं मिळालं आणि तिनं दोन दिवसांत जोडीदारणीला रडायला उसंतच ठेवली नाही.

चौदा नंबरात पहाटे उठणाऱ्या दोघी होत्या. देवगाव रंगारीची अश्विनी आणि अजिंठ्याची करुणा. आठवडाभर छान चाललं होतं. मग अश्विनीनं घरी व्हिडिओ कॉल केला आणि वडिलांना करुणाच्या खाटेवरची बुद्धाची तसबीर दिसली.

दुसऱ्या दिवशी अकराला ते कचेरीत हजर. पांढरे कपडे, बोलणं अदबीचं. "मॅडम, माझं सोताचं काई म्हणणं नाय. पण गावात लोक बोलतेत. खोली बदला, नायतर पोरगी घिऊन जातो."

अश्विनी दाराशी ओढणीचं टोक पिळत उभी होती. गावी गेली की शिक्षण संपलं आणि स्थळं सुरू, हे तिला ठाऊक होतं. आम्हालाही होतं.

"तुमचं नाव काय म्हणलात?" त्यांनी बाईंना विचारलं.

"मालन."

"न्हाय, पूर्ण?"

मी परातीसाठी शांतामावशींना हाक मारायच्या बेतात होते. पण बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि आडनाव सांगितलं, गावासकट. गृहस्थांची खुर्ची थोडी मागे सरकली.

"मी पन वसतिगृहातच शिकले, दादा," बाई म्हणाल्या. "चार खाटांची खोली होती. आठ दिवसांत तिघींचे वडील आले. लई चांगली मानसं, तुमच्यासारखीच. कुणी वाकडा शबूद बोललं नाय. गाद्या गुंडाळल्या, नेल्या. वर्षभर चार खाटा अन् मी एकटी. पोरी म्हनायच्या, ऐट हाय बाई तुझी."

बाई हे हसत सांगत होत्या. मला काही हसू येईना.

मग त्यांनी खोलीबदलाचा अर्ज पुढे केला. "देते बदलून. फक्त कारण तुमच्या हातानं लिवा."

बराच वेळ पेन हातात धरून त्यांनी लिहिलं, 'हवा मानवत नाही.'

"शेजारच्या खोलीतबी हीच हवा येती, दादा. खरं कारण लिवा. पोरगी पुढं कधी वाचील."

त्यांनी लिहिलेलं खोडलं. पुन्हा पेन टेकवलं, पुन्हा उचललं. शेवटी अश्विनीच पुढे झाली. "अण्णा, द्या इकडं." तिनं पेन घेऊन लिहिलं, 'कारण काही नाही.'

वडिलांनी ते दोनदा वाचलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि उठले. "दिवाळीला येतो न्यायला," एवढंच लेकीला म्हणाले. बाईंकडे न बघता त्यांनी नमस्कार केला. पण केला.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळी बाई आणि मी वरच्या मजल्यावर चक्कर मारत होतो. चौदा नंबरातून कडाक्याचं भांडण ऐकू आलं. बादली कुणी घेतली, कपडे कुणाचे भिजत होते, आणि मग एकमेकींच्या आळशीपणाचा सगळा इतिहास. मी घाबरून दार वाजवायला पुढे झाले, तर बाईंनी माझा हात धरला.

"भांडू दे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "त्या वर्षी माझ्याशी भांडायलाबी कुणी नव्हतं गं."

भांडण संपेपर्यंत आम्ही दोघी तिथंच उभ्या होतो.