वीजमानव जिन्यात बसतो

थेटरात बॅटरी दोनच माणसांच्या हातात असते. एक, उशिरा आलेल्यांना खुर्ची दाखवणारा. आणि दुसरे आमचे बनसोडेमामा. पहिला बॅटरी लोकांच्या पायांवर मारतो. मामा ती स्वतःच्या मांडीवर मारतात, कारण मांडीवर पुस्तक उघडलेलं असतं. ज्या पिक्चरला आलो, त्याच पिक्चरचं पुस्तक!

सोलापूरच्या एका थेटरात जुना 'वीजमानव' पुन्हा लागला, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो, म्हणजे बसवला गेलो होतो. पडद्यावर वीजमानवानं कोसळता पूल एका हातानं तोलून धरला. शिट्ट्यांनी थेटर डोक्यावर घेतलं. शिट्ट्या थांबायच्या आत मामांनी जाहीर केलं, "पुस्तकात दोन्ही हातानं धरलाय!"

"ओ काका, बॅटरी बंद करा की," मागून कुणीतरी ओरडलं.

"थांब की बाबा. पान सापडंना. लई कापलंय ह्येनी."

मी खुर्चीत जितका खाली सरकता येईल तितका सरकलो. पण मामांनी मला वर ओढलं आणि पुलावरच्या लाल मोटारीकडं बोट दाखवलं. "ती बघा, दुकानदार. त्या गाडीत केक हाय. पोरीच्या वाढदिवसाचा. पिक्चरवाल्यानं नुसती गाडी उडवली, केक दाखवलाच न्हाय."

"केकचं काय होतं पुस्तकात?"

"वाचतो केक!" मामा इतक्या समाधानानं म्हणाले, की जणू त्यांनीच तो घरी पोचवला होता.

मामा एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नळदुर्गात आमच्या घरांची भिंत एक, आणि ओट्यांच्या मधे कमरेएवढा कट्टा. माझं झेरॉक्सचं दुकान, म्हणून मी 'दुकानदार'. नोकरीत गाडी कुठल्याही स्टँडावर लागली की मामा पुस्तकांच्या स्टॉलसमोर उभे. तिथूनच वाचायची सवय लागली. असाच एकदा त्यांना 'वीजमानव' मिळाला. पिक्चर गाजला की त्याच गोष्टीची कुणीतरी कादंबरी करतं, त्यातला हा प्रकार. वर नटाचा फोटो, आत बारीक टाइप. लोकांना वाटतं, दोन्ही एकच. मामा म्हणतात, "कव्हर एक, माल दोन."

हा दोन मालांमधला फरक मी किती वेळा ऐकलाय, ते विचारू नका. पिक्चरमधला दुष्ट शास्त्रज्ञ नुसता गडगडाटी हसतो. पुस्तकात त्याची दाढ दुखत असते आणि त्यामुळं तो निम्मी कादंबरी कुणाशी धड बोलत नाही. पिक्चरमधला वीजमानव उडतो, उतरतो, लगेच नाचतो. "पुस्तकात उडून आल्यावर दोन दिस खांदं धरत्यात त्येचं," मामा स्वतःचा खांदा चोळत सांगतात. मामा ओट्यावर आले की माझी बायको मिक्सर सुरू करते. वाटायला काही नसलं तरी करते.

पण मामांचा खरा जीव अडकला होता एका पानात. पिक्चरच्या शेवटी वीजमानव मनोऱ्यावर उभा राहतो, वारा सुटतो, संगीत वाजतं, संपलं. पुस्तकात मात्र तो चालत घरी येतो. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतो आणि तिथंच जिन्यात बसतो. अख्खं शहर उचललेल्या माणसाला पुढची पायरी चढवत नाही. मग वरून दार उघडल्याचा आवाज येतो आणि त्याची बायको मीरा खाली येऊन त्याचा हात धरते.

"मुक्कामाची गाडी करून आलो, की म्या बी असाच बसायचो," मामा म्हणायचे. "बूट हातात, आन दाराफुडच्या पायरीवर. डायवर थकला, असं कुठल्या पिक्चरमधी दाखवलंय का? ह्या गड्यानं लिवलं बघा."

ते पान मामींनी एकदा ऐकावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आणि मामी ऐकायला तयार नव्हत्या.

मामींना वीजमानव आवडायचा, पण टीव्हीवरचा, उडणारा. सगळा जन्म अंगणवाडीत पोरं सांभाळून त्या आता कुठं पाय पसरून बसायला लागल्या होत्या. मामा पुस्तक घेऊन टीव्हीच्या आणि त्यांच्या मधे उभे राहायचे.

"बाजूला व्हा. मला मारामारी बघू द्या."

"ह्येच्या फुडचं पान ऐक की फकस्त."

"रडगाणं नगं मला. सरका म्हनलं ना!"

मामांनी सगळे उपाय करून पाहिले. त्या भाकरी थापताना वाचलं, भाकरी करपल्याचा आळ पुस्तकावर आला. त्या कपडे वाळत घालताना वाचलं, तर ओलं लुगडं पुस्तकावर झटकलं गेलं.

शेवटी वीज मंडळालाच दया आली. एका दुपारी ऐन मारामारीत लाइट गेली. मामी वैतागून फोडायच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. मी माझ्या ओट्यावर पेपरनं वारा घेत होतो. मामांनी चष्मा चढवला, घसा खाकरला आणि सुरू केलं. पूल आला, केक आला, जिना आला. मामा असे वाचत होते, की जणू घाटातून गाडी उतरवतायत. दार उघडलं, मीरा आली, तिनं हात धरला, पाणी दिलं, अन्न गरम केलं. मामी शेवटपर्यंत बसल्या! मामांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडं विजयी नजरेनं पाहिलं.

मामींनी एक शेंग फोडली. "आन ती?"

"कोन ती?"

"मीरा. ती कवा बसती?"

मामा गडबडले. "असंल की फुडं." पुढं नव्हतं. मागं पाहिलं, मागंही नव्हतं.

"पिक्चरमधी न्हाय, पुस्तकात बी न्हाय," मामी सूप उचलत म्हणाल्या. "मंग इतकं दिस कसला फरक सांगायलाव मला?"

आणि त्या आत गेल्या. कुठं आवाज चढला नाही, भांडं आपटलं नाही. चांगलं भांडण झालं असतं, तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मामा मिटले. ओट्यावर यायचे, पण बोलायचे नाहीत. आमचा मिक्सर बंद पडला. टीव्हीवर वीजमानव लागला, तरी भिंतीपलीकडून हरकत येईना. मी म्हणालो, "मामा, परवाच्याला पुलाचा सीन होता. एका हातानं धरला हो त्यानं."

"धरू द्या," मामा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "दुकानदार, तुमी समदं पुस्तक ऐकलंय. मीरा कुठं बसल्याली आठवती?"

"नाही मामा."

"मला बी आठवंना," ते म्हणाले. ते पुस्तकाबद्दलच बोलत होते, असं मला वाटत नाही.

परवाची गोष्ट. दुपारची वेळ, लाइट होती, तरी टीव्ही बंद होता. भिंतीपलीकडून मामांचा वाचायचा आवाज आला. म्हटलं, झालं, पुन्हा पूल! मी कान मिटणार, तेवढ्यात शब्द ऐकू आले आणि मी उठून कट्ट्याशी गेलो.

"मीरा सकाळपासून उभी होती," मामा वाचत होते. "तिनं टँकरचं पाणी भरलं. पोरांची खिचडी शिजवली. मग ती जिन्यापर्यंत आली आणि... आणि तिथंच बसली."

कसला टँकर? वीजमानव राहतो वीस मजल्यांच्या इमारतीत!

"त्या दिवशी दार वीजमानवानं उघडलं. त्यानं तिचा हात धरला. म्हणाला, बस, मी चहा ठेवतो. पण साखर कुठल्या डब्यात असते, हे त्याला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत... त्यानं विचारलंच नव्हतं."

मधेच मामा थांबत होते, शब्द शोधत होते. एका स्वल्पविरामासाठी थेटरात भांडणारा हा माणूस! पुस्तक मांडीवर उघडं होतं आणि मामा समोरच्या भिंतीकडं बघून वाचत होते. मामी दाराला टेकून बसल्या होत्या, डोळे मिटून. मला वाटलं, झोपल्या.

"अवो," मामी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच.

मामा दचकले. "काय गं?"

"लई येळ झाला. मधनं मधनं पान तरी उलटा."

मग कागद सळसळला.

"हं," मामी म्हणाल्या, "वाचा फुडं."