शांतवनकाकांचं विचाराधीन प्रकरण

शांतवनकाकांच्या दारावर नावाची पाटी होती, पण पाटीवर नाव नव्हतं.

भिंगारला आम्ही राहायला गेलो तेव्हा समोरच्या घरावरची ती पाटी पाहून मला वाटलं, उन्हापावसाने अक्षरं उडाली असतील. चांगली सागवानी पाटी, कडेला नक्षी, वर पॉलिश, आणि मधे कोरी. माझ्या बायकोने, शैलाने, चौकशी केली तेव्हा कळलं की अक्षरं मुळात लिहिलेलीच नाहीत. 'शांतवन भालेराव' लिहावं, की नुसतं 'भालेराव', की आधी हुद्दा आणि मग नाव, हे ठरेना. पेंटर डबा घेऊन आला, चहा पिऊन गेला. मग हुद्द्याचा प्रश्न आपोआप सुटला, कारण काका निवृत्त झाले. नावाचा राहिला. पोस्टमन बदलला की जुना नव्याला सांगून जायचा, "कोरी पाटी दिसली की भालेराव समजायचं."

काका लष्कराच्या एका कचेरीत सिव्हिलियन क्लार्क होते. तिथल्या फायलींतून त्यांनी एकच शब्द घरी आणला होता, 'विचाराधीन'. तो त्यांना सगळीकडे पुरायचा. चहा घेणार का? विचाराधीन आहे. पाऊस येईल का हो काका? प्रकरण विचाराधीन आहे. कोपऱ्यावरच्या बाबूराव न्हाव्याकडे गेले की तो विचारायचा, "काका, मिशी ठिवायची का काढायची?"

"विचाराधीन आहे."

"मग बसा तकडं बाकावर. इचार झाला की हाक मारा."

काका बाकावर बसून पेपर वाचायचे आणि बऱ्याचदा होत्या त्याच मिशीनिशी घरी यायचे. भाजीवाली कोंडाबाई तर त्यांना विचारतच नसे. वांगी आणि मेथी, दोन्ही त्यांच्या पिशवीत टाकायची आणि वर म्हणायची, "लई इचार केला तर भाजी बी सुकंल आन् तुमी बी."

आम्ही हसायचो. सगळी गल्लीच हसायची. त्यांच्या घरात मात्र कुणी हसत नसे.

घरात दोनच माणसं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. राहिली होती एकुलती एक मुलगी, सुवार्ता. लहानपणीच्या पोलिओने तिचे दोन्ही पाय गेले होते. घरातल्या घरात ती हातांवर सरकत फिरायची, बाहेर जायचं तर तीनचाकी सायकल. बाहेरून परीक्षा देऊन तिने बी.कॉम. केलं होतं. टायपिंगची दोन्ही भाषांची सर्टिफिकिटं होती. लिलावात घेतलेला एक अवजड टाइपरायटर खिडकीशी ठेवलेला असायचा आणि दुपारी सगळी गल्ली झोपली की त्याचा आवाज यायचा. कुणाचं काम नसायचं. सराव म्हणून ती जुन्या पेपरातल्या बातम्याच टाइप करायची.

सावेडीतल्या एका ऑफिसने तिला मुलाखतीला बोलावलं होतं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. काका आणि एक शिपाई, दोघांनी खुर्चीत बसवून तिला जिन्याने वर नेलं. "साहेबांनी टायपिंग बघितलंच नाही," ती एकदा शैलाला सांगत होती. "पाय बघितले, म्हणाले, कळवू. मग त्याच खुर्चीतून खाली."

पुढे त्यांच्या घरी टेलिफोन आला. नंबर लावून इतकी वर्षं झाली होती की काकांनी नक्की लावला होता का, याचीच आम्हाला शंका होती. नंतर कळलं, नंबर काकूंनी लावला होता. टेलिफोन आला आणि थोड्याच दिवसांत पेपरात ती जाहिरात आली.

'घरबसल्या स्वीय सहायक व्हा! साहेब त्यांच्या ऑफिसात, तुम्ही तुमच्या घरात!' पुण्याची कुठलीशी संस्था होती. त्यांचं 'स्टार्टर किट' घ्यायचं. त्या पेटीत फोनवर कसं बोलावं याच्या कॅसेटी, इंग्रजी पत्रांचे नमुने, भेटीगाठी लिहायची डायरी, तुमच्या नावाची कार्डं आणि सहायक हवा असलेल्या साहेबांची यादी. साहेबांचे निरोप घ्यायचे, वेळा ठरवायच्या, पत्रं टाइप करून पोस्टाने पाठवायची. साहेब कधी समोर येणार नाही, आपणही जायचं नाही. किंमत मात्र अशी होती की शैलाने वाचून पदर तोंडाला लावला.

सुवार्ताने ती जाहिरात कापून उशीखाली ठेवली. आम्हाला बोलावून दाखवली. मी म्हणालो, "जाहिरातींचं काही खरं नसतं गं."

"दादा, खरं नसेल तर नसेल," ती म्हणाली. "पण फोनवर माझे पाय कुणाला दिसणार नाहीत."

तिचा आवाज खरोखरच फार छान होता.

तिने काकांना विचारलं. काका म्हणाले, "प्रकरण विचाराधीन आहे."

आणि मग त्यांचा विचार सुरू झाला. त्यांनी चर्चच्या पाळकांना विचारलं. पाळक म्हणाले, प्रार्थना करा. निवृत्त सुभेदाराला विचारलं. तो म्हणाला, मुलीची जात, फोनवर परक्या पुरुषांशी कशाला बोलायचं? बाबूराव म्हणाला, "घ्या की. पोरीचा जीव रमंल." मी बँकेत होतो, म्हणून मला तर रोजच विचारत. एका हातात हो, एका हातात नाही, असे दोन्ही हात पुढे धरून ते आमच्या ओट्यावर उभे राहायचे आणि कुठलाच हात न झाकता घरी जायचे.

जाहिरातीत दिलेल्या सवलतीची मुदत जवळ येत चालली. एका संध्याकाळी समोरून सुवार्ताचा चढलेला आवाज आला.

"बाबा, नाही म्हणायचं तर नाही म्हणा! पण काहीतरी म्हणा! माझं लग्न विचाराधीन, नोकरी विचाराधीन. मी मेल्यावर पुरायचं की नाही, त्याचाही विचार करत बसाल!"

थोड्या वेळाने काका आमच्याकडे आले. चप्पल उलटसुलट घातलेली.

"जगताप," मला म्हणाले, "उद्या रजा मिळेल का? पुण्याला जाऊन बघून येऊ. तिला नका सांगू. मी तिला राहुरीला लग्नाला जातो म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी माळीवाड्याच्या स्टँडवरून आम्ही गाडी पकडली. पुण्यात पत्ता शोधत एका जुन्या इमारतीशी पोचलो. वर गेलो तर संस्थेच्या दाराला कुलूप. दाराबाहेरच्या पायरीवर एक बाई मांडीवर पेटी घेऊन बसली होती. साताऱ्याकडची होती, विधवा. ही तिची कितवीशी खेप होती. शेजारचे दुकानदार सांगत होते, ते लोक जागा सोडून गेले, पण तिचा पाय निघत नव्हता.

काका तिच्या शेजारी पायरीवर बसले. "ताई, पेटी बघू का?"

तिने उघडून दाखवली. कॅसेटी होत्या. पत्रांचे नमुने झेरॉक्स केलेले, शाई पसरलेले. कार्डांवर तिचं नाव चुकलेलं होतं. काकांनी साहेबांची यादी काढली आणि चष्मा वर करून नीट वाचली. मग माझ्यापुढे धरली. टेलिफोन डिरेक्टरीची पानं होती, तशीच्या तशी झेरॉक्स मारलेली.

"कुणाचा फोन आला का, ताई?"

"कुणाचा येतोय? मीच केले," ती म्हणाली. "लोक म्हणतात, बाई, तुला कुणी नंबर दिला? एक जण तर नको ते बोलला. तेव्हापास्नं फोनला हात लावायची भीती वाटते."

काकांनी पानं नीट लावून पेटीत परत ठेवली. झाकण लावलं. खाली जाऊन तिच्यासाठी चहा आणला, तिला साताऱ्याच्या गाडीत बसवून दिलं. ती गाडी हलल्यावर ते मला म्हणाले, "नाही. ही पेटी माझ्या घरात येणार नाही."

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

परतीच्या गाडीत मी म्हणालो, "बरं झालं आलो. आता घरी गेल्यावर तिला सरळ सांगा, फसवणूक आहे म्हणून."

ते खिडकीबाहेर बघत होते. "नाही सांगायचं."

"अहो, पण ती तुम्हालाच दोष देईल."

"देऊ दे. बाप शेळपट आहे, हे तिला ठाऊकच आहे. त्या रागाची तिला सवय आहे. पण तो साहेब कुठेच नाही, हे कळलं तर ती काय करेल? रोज उठून टाइपरायटरपुढे कशासाठी बसेल?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी आहे तोवर तिला सांगू नका. नंतर तुमची मर्जी."

सुपे गाव मागे पडलं तेव्हा ते आपणहून बोलू लागले.

"तुम्ही सगळे हसता मला. हसा. मी असा नव्हतो, जगताप. झटकन ठरवायचो. सुवार्ता दीड वर्षाची होती, ताप चढला. तिची आई म्हणाली, उद्यापर्यंत वाट बघू. मी म्हणालो, वाट कसली बघायची, आत्ताच इंजेक्शन देऊन आणू. उचललं आणि नेलं. डॉक्टरांनी दिलं. त्यांचाही दोष नाही, तेव्हा सगळेच द्यायचे. सकाळी उभी करायला गेलो तर पाय नुसते लोंबले. पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पोलिओच्या तापात सुई टोचली की असं होतं कधीकधी. नसती टोचली तर कदाचित..."

बाहेर कोरडी माळरानं मागे पळत होती.

घरी गेलो तेव्हा सुवार्ता दारातच होती. "झालं लग्न?"

"झालं."

"आणि पेटीचं काय ठरलं?"

काका चप्पल काढत म्हणाले, "विचाराधीन आहे."

तिने टाइपरायटरवर झाकण घातलं आणि बापाशी बोलणं टाकलं. कितीतरी महिने. जेवण वाढलं की ती खिडकीतून शैलाला हाक मारून सांगायची, "वहिनी, त्यांना म्हणावं ताट वाढलंय." शैला ओट्यावर जाऊन म्हणायची, "काका, ताट वाढलंय." काका तिथेच हात धुवून आत जायचे. गल्लीला ही नवी करमणूक झाली. मला मात्र हसू येईनासं झालं.

एवढं खरं, की त्या दिवसापासून काका सकाळी आंघोळ करून बाहेर पडू लागले. कुठे जातात, ते सांगत नसत. तेवढ्यात माझी बदली जामखेडला झाली आणि आम्ही भिंगार सोडलं.

काका गेल्याचं मला उशिरा कळलं. रविवार बघून मी भेटायला गेलो.

घराची पुढची खोली ओळखू येईना. भिंत फोडून रस्त्याच्या बाजूला खिडकी काढली होती, वर पिवळी एस.टी.डी.ची पाटी. आत काचेची खोपटी. सुवार्ता उंच खुर्चीवर बसून दोन फोन सांभाळत होती. जवानांच्या बायका गर्दी करून होत्या. कुणाचा नवरा आसामात, कुणाचा काश्मिरात. फोन आला की सुवार्ता निरोप घ्यायची, गल्लीतल्या पोराला पळवायची, "जा, शिंदेवहिनींना सांग, साडेसातला पुन्हा फोन येणार आहे." तिचा आवाज तसाच होता.

गर्दी ओसरल्यावर ती बोलली. "छातीत दुखत होतं म्हणून डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, ॲडमिट व्हा. बाबा म्हणाले, विचार करतो. पहाटे गेले." ती हसायला गेली, पण जमलं नाही.

मी बूथकडे बोट केलं. "हे कधी?"

"अपंगांच्या कोट्यातून. बाबांनीच आणलं. रोज टेलिफोनच्या ऑफिसात जाऊन बसायचे म्हणे. तिथल्या साहेबाने मला सांगितलं, तुमच्या वडिलांनी आमचं डोकं खाल्लं, म्हणून लवकर सही केली. दादा, मला हेच कळत नाही. याच्यासाठी उन्हातान्हात हिंडले, आणि त्या पेटीला नुसतं हो म्हणायला जीभ वळली नाही त्यांची. मी इतके दिवस बोलले नाही, तरी नाही. असं का केलं असेल त्यांनी?"

काका आता नव्हते. मी तिला पुण्याचं सांगितलं. कुलूप, ती साताऱ्याची बाई, डिरेक्टरीची पानं, सगळं. इंजेक्शनचं सांगितलं नाही. ते कधीच सांगणार नाही.

ती ऐकत होती. मधेच फोन वाजला, तिने घेतला, "नाही, अजून आल्या नाहीत," म्हणाली आणि ठेवला. बराच वेळ फोनवरचा हात तिने काढला नाही.

"म्हणजे त्या दिवशी राहुरीला लग्न नव्हतंच," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मी डबा दिला नाही हो त्यांना. लग्नाला चाललेत, तिथं जेवतील म्हटलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "मग त्या दिवशी ते जेवले कुठं?"

शिरूरला गाडी थांबली होती. मी खाली उतरून मिसळ खाल्ली होती. काका खिडकीशी बसून राहिले होते. चला म्हटलं तर हातानेच नको म्हणाले होते. घरी पोचेपर्यंत त्यांच्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नव्हतं.

"शिरूरला जेवलो आम्ही," मी म्हणालो. "दोघंही. भाकरी होती, पिठलं होतं. काका तर पोटभर जेवले."

"पिठलं आवडायचं त्यांना," सुवार्ता म्हणाली, आणि पदराने फोनवरची धूळ पुसू लागली.