फरक नको, म्हाराजा

कट्टा गावचे पोस्टमास्तर भाई स्वतः तार घेऊन अंगणात उभे राहिले, तशी तुळसा हातातलं काम टाकून बाहेर आली. भाई सावंतवाडीहून बदलून येऊन दोनच महिने झाले होते, पण आपल्या इंग्रजीवर त्यांचा फार भरवसा.

तुळसाचा नवरा शिवा ओसरीवर उशीला टेकून बसला होता. तीन महिने त्याचं अंग सुजलेलं, तोंड तर वड्यासारखं टम्म फुगलेलं. मुंबईच्या इस्पितळात पाठीतून सुई घालून त्याच्या मूत्रपिंडाचा एक कण काढला होता. "या कणावरून कळेल पुढे काय होणार ते," असं मोठे डॉक्टर म्हणाले. निकाल कळवायचं काम शिवाचा मुंबईतला भाऊ धोंडू याच्यावर सोपवून दोघं गावी परतली होती. नवरा राहणार की जाणार, ते आता त्या चिटोऱ्यावर होतं.

भाईंनी चष्मा लावला. "मिनिमल चेंज. पत्र मागाहून."

"म्हंजे काय?"

भाईंनी घसा साफ केला. "म्हणजे... फरक जवळजवळ नाही."

गावात फरक या शब्दाला एकच अर्थ. औषध घेतलं की शेजारी विचारतो, "फरक पडलो?" आता मुंबईचा डॉक्टरच तारेने फरक नाही म्हणतो, म्हटल्यावर विषय संपला.

दुसऱ्याच दिवशी देवबागहून शिवाची मावशी हौसाबाई खाऱ्या बांगड्यांची पुरचुंडी घेऊन हजर झाली. "पोराक तीन म्हयने मीठ नाय. आता तरी तेका पोटभर जेवूक घाल गो," तिने पदर डोळ्यांना लावला. तुळसाने रडत रडत बांगडे भाजले. मग कुणी पापड आणले, कुणी खारातल्या कैऱ्या. सगळ्या वाडीत आनंदी असा एकटा शिवाच होता.

"मरतलंयच, तर अळणी कित्याक मरू?" तो म्हणे आणि आणखी एक बांगडा ओढी.

दोन दिवसांत सूज इतकी चढली की त्याचे डोळे दिसेनात. तारेबद्दल ज्यांना शंका होती, त्यांचीही खात्री पटली.

तिसऱ्या दिवशी वाडीने देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. शिवाला खुर्चीसकट उचलून मंडळी पुढे गेली. तुळसा नारळ घेऊन निघणार, तोच पोस्टमनने धोंडूचं पत्र आणि एक पुडकं हातात ठेवलं. ती चौथी शिकलेली होती. तिने उंबऱ्यातच वाचायला घेतलं.

"वहिनी, मोठ्या डॉक्टरांनी तो कण दुर्बिणीतून पाहिला. मूत्रपिंडात फार फरक झालेला दिसला असता, तर कठीण होतं. फरक जवळजवळ नाही. अशी माणसं बहुतेक बरी होतात. सोबतच्या गोळ्या रोज द्या. मीठ अजिबात नको."

तिने ते दोनदा वाचलं. मग देवळात या क्षणी काय मागणं चाललं असेल ते तिच्या ध्यानात आलं आणि ती धावत सुटली.

देवळात मानकरी बाबली हात जोडून गर्जत होता. "बा देवा म्हाराजा, ह्या शिवाच्या प्रकृतीत फरक पडांदे!"

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

"वांयच नको, मोठो फरक पडांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"फरक मागू नकात!" तुळसा दारातून ओरडली.

दुःखाने बाईचं डोकं फिरलं, असं वाटून हौसाबाईने तिला मिठी मारली. मिठीतून एक हात सोडवून तुळसाने धापा टाकत सगळं पत्र वाचून दाखवलं. बाबलीने डोकं खाजवलं.

"आता मागलेला परत कसा घेवचा? दोनदा व्हय म्हटलाव."

"देवाक सांगा, आमका तार वाचूक येवक नाय," तुळसा म्हणाली.

बाबली पुन्हा देवाकडे वळला. "बा देवा म्हाराजा, लेकरांची चूक झाली, ती पदरात घे. मघाशी मागलेलो फरक आसा थंयच रवांदे. शिवाच्या मूत्रपिंडात तिळाएवढोय फरक पडांदे नको!"

"व्हय म्हाराजा!"

यावेळी सगळ्यांत मोठा आवाज खांबाआड उभ्या असलेल्या पोस्टमास्तर भाईंचा होता.

गोळ्या सुरू झाल्या. मिठाची बरणी तुळसाने कुलपात ठेवली आणि हौसाबाईला उरलेल्या बांगड्यांसकट देवबागला धाडलं. दहा-बारा दिवसांनी शिवाला लघवी अशी सुटली की त्याला बसायला फुरसत मिळेना. पोरगा परीक्षेत पहिला आल्यासारखी तुळसा विहिरीवर सांगे, "आज बारा फेरे झाले." आणि शेजारणी कौतुकाने माना डोलावत. सूज ओसरली, गालांची हाडं वर आली. लग्नातला सदरा त्याच्या अंगात गेला, त्या दिवशी ती चुलीपुढे बसून मनसोक्त रडली. धुराचं निमित्त करायचीही तिला गरज वाटली नाही.

महिन्याभराने धोंडूला पत्र टाकायला दोघं कट्ट्याला गेली. खिडकीतून भाईंनी तुळसाकडे पाहिलं, मग तिच्याशेजारच्या सडपातळ माणसाकडे.

"हे शिवाचे धाकटे भाऊ वाटतं? मुंबईहून आले? वहिनी, शिवा कसा आहे?"

"तुमीच इचारा तेका," तुळसा म्हणाली.

शिवा खिडकीत वाकला. "बरो आसंय, भाई."

भाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पाहतच राहिले. पोस्टात चारचौघं उभे होते. त्यांच्यादेखत तुळसाने जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचा हात धरला, आणि पत्र पेटीत पडेपर्यंत सोडला नाही.