मोठ्या बाईंच्या डोक्यावरची तर्री

सिंधूताईने त्या शनिवारी संध्याकाळी मोठ्या बाईंच्या हातात चुकीची बाटली ठेवली, आणि ठेवताना तिला इतका आनंद झाला होता की विचारू नका.

मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका प्रेमिलाबाई. शाळेच्या वसतिगृहात चाळीस मुली. बाईंनी सांगितलं होतं, "आधी तुझं केसांचं तेल मी स्वतः लावून पाहीन. पटलं तर दर महिन्याला चाळीस बाटल्या तुझ्याकडून घेईन." तेव्हापासून सिंधूताई भाजी निवडतानासुद्धा एकटीच हसायची. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि तिच्या स्वतःच्या हातच्या वस्तूला पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.

तेल होतंही तसं. घाण्यावरचं तिळाचं तेल, त्यात माका, आवळा आणि जास्वंदीची फुलं टाकून मंद आचेवर उकळायचं, शेवटी रतनजोताची मुळी घालायची. मुळी पडली की तेल लालबुंद होतं. केसांना लावा, थंडीत अंगाला चोळा, भेगाळलेल्या टाचांना फासा, गुण येणारच. नागपूरच्या महाल भागातल्या निम्म्या बाया तिच्याकडून वाटीवाटीने फुकट न्यायच्या. कौतुक नव्हतं ते फक्त तिच्या नवऱ्याला.

"तिळाच्या तेलानं केस वाढते तर घाण्याच्या बैलाचं आतापर्यंत अस्वल झालं असतं," असं धोंडबा येईल त्याला ऐकवायचा.

धोंडबाची महालात पोह्यांची गाडी. पोह्यांवर चण्याचा रस्सा आणि रश्शावर तर्री. ही तर्री तो आदल्या दिवशीच घरी करायचा. लसूण, मसाला आणि भिवापुरी मिरची तेलात परतायची, तेल गाळायचं आणि बाटलीत भरायचं. तेही लालबुंद. दोघांच्या बाटल्या एकाच भंगारवाल्याकडून आणलेल्या, सरबताच्या, आणि दोन्ही एकाच फळीवर. एरवी सिंधूताई बूच काढून वास घ्यायची. पण त्या शनिवारी तिला सर्दी झाली होती, नाक पार चोंदलेलं. धोंडबाच्या नाकाबद्दल तर बोलायलाच नको. इतकी वर्षं मिरची तळून त्याचं नाक कधीच कामातून गेलं होतं.

रविवारी सकाळी गाडीवर पहिली प्लेट नत्थूजींची. नत्थूजी पेन्शनर, रोजचे गिऱ्हाईक आणि रोजचेच परीक्षक. दोन घास खाऊन ते थांबले.

"काहून गा धोंडबा, आज तर्रीत दम नाही?"

"दम नाही? घ्या अजून," म्हणत धोंडबाने बाटली उपडी केली.

नत्थूजींनी आणखी दोन घास खाल्ले. "नाकातून पाणी नाही, कानातून धूर नाही. उलट पोटात थंडं थंडं वाटून राहिलं. वहिनीसंग भांडून आला काय तू?"

मागच्या दोघांनीही तेच सांगितलं. आता मात्र धोंडबाच्या इभ्रतीचा प्रश्न आला. त्याने तळहातावर चार थेंब घेतले आणि चाटले. बिचारा तसाच उभा राहिला. पंधरा वर्षं ज्या वेणीशेजारी तो झोपत आला होता, ती त्याच्या जिभेवर आली होती.

"नत्थूजी, गाडी पाहा जरा," एवढं बोलून तो बाटलीसकट सायकलवर बसला.

घरी सिंधूताई तांदूळ निवडत होती.

"सिंधू, तुह्या बाईले कोणती बाटली देल्ली तू?"

"फळीवरची. काहून?"

"मंग मी लोकाइले काय चारून राहिलो, ते पाय."

सिंधूताईने बाटली पाहिली आणि हातातलं सूप बाजूला टाकलं. "अवो, आज रविवार! बाईचा न्हायचा दिवस. सकाळीच डोकं चोळतेत म्हणे त्या."

पाच मिनिटांत दोघं बाईंच्या घराकडे, सक्करदऱ्याच्या रस्त्याला लागले. धोंडबा पॅडल मारत होता आणि मागे कॅरियरवर सिंधूताई उरलेलं तेल पोटाशी धरून बसली होती.

"खरं सांगू नको वं," धोंडबा धापा टाकत म्हणाला. "म्हण, औषध हाय, थोडं झोंबतेच. चाळीस बाटल्या जातीन हातच्या."

"अन् त्या चाळीस पोरीइच्या डोक्यावर काय टाकू? मिरची?"

 धोंडबा आणखी जोरात पॅडल मारू लागला.

प्रेमिलाबाई अंगणात उन्हात पाटावर बसल्या होत्या. डोक्याला पंचा, डोळ्यांतून धारा, नाकाचा शेंडा लाल. बाजूला बाटली.

"ये सिंधूताई," त्या म्हणाल्या. "आजवर बारा तेलं लावली. एकाचाही डोक्याला पत्ता लागला नाही. हे मात्र लागतंय. असं जहाल औषध पाहिजे. चाळीस नको, साठ बाटल्या दे."

साठ! धोंडबाने बायकोच्या पदराला हळूच हिसका दिला.  साठ बाटल्या सिंधूताईला समोर रांगेत उभ्या दिसल्या, त्यांची बुचंसुद्धा दिसली. जीभ उचलेना, तरी तिने ती उचलली.

"बाई, ते औषध नाही. तर्री आहे, याइच्या पोह्यावरची. चूक माही आहे. तुमचं तेल हे इथं आहे. म्हणजे, लोकाइनं खाऊन उरलं ते."

 बाई शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे. तासाभरापूर्वी एक ओघळ ओठावर आला. जन्म नागपुरात गेला माझा, तर्री कळणार नाही? तू सांगतेस की नाही, तेवढं पाहत होते."

"मंग तवाच धुतलं काहून नाही, बाई?" धोंडबाने विचारलं.

बाई मुख्याध्यापिका होत्या. नको त्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी त्याला पाणी तापवायला पाठवलं.

सिंधूताईने शिकेकाईने दोनदा डोकं धुतलं, पुसलं आणि आपलं तेल बोटांच्या टोकांनी मुळांशी हळूहळू जिरवलं. आग विझत गेली. बाईंचे डोळे मिटले, मान सैल पडली, आणि त्या भरल्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या आईनंतर कुणी असं चोळलं नव्हतं गं." थोड्या वेळाने त्या पुन्हा मुख्याध्यापिका झाल्या. "साठ विसर. चाळीस बाटल्या, एक तारखेला. आणि भरताना सर्दी असेल तर वास दुसऱ्या कुणाला घ्यायला सांग."

सिंधूताईला रडू आलं. तिने ते लपवलं नाही, सरळ पदराने नाक पुसलं. "आणतो, बाई," एवढंच ती म्हणाली. धोंडबानेही बायकोकडे असं पाहिलं, की जणू ही बाई आपल्या घरात राहते हे त्याला आत्ताच समजलं.

निघताना त्याने आपली तर्रीची बाटली उचलली, उजेडात धरली, आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. शेवटी धंद्याचा माणूस.

"बाई, एका डोक्याले इतकी लागत नाही. पाऊण बाटली गेली."

बाईंनी पायाने काहीतरी पाटामागे सारलं. ती पोह्यांची ताटली होती, काठापर्यंत लाल झालेली.

"ती बाटली राहू दे इथंच," दुसरीकडे पाहत बाई म्हणाल्या. "वीस वर्षं झाली, गाडीवर उभं राहून खाता येत नाही मला. मुली बघतात."