चालत जायचं न्हाणीघर

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहणारे गुणाजी परब आपल्याच मोरीच्या कठड्याला अडखळून आपटले, आणि त्या दिवसापासून त्या घरात आंघोळ या विषयावर शांतपणे बोलायची सोय राहिली नाही. हाड मोडलं नाही, देवाची कृपा! पण डॉक्टरांनी बजावलं, "आजोबा, या गुडघ्याने हा वीतभर कठडा ओलांडायचा नाही. कुणीतरी धरून आत नेईल, धरून बाहेर आणेल."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा सहदेव पंचा खोचून हजर. दोन दिवस गुणाजींनी मुकाट्याने सोसलं. तिसऱ्या दिवशी सहदेव पाठीला साबण लावू लागला, तसा म्हाताऱ्याने तांब्या आपटला.

"बस झाला! तीस वर्सां धावत्या गाडीत उभो ऱ्हवलंय मी, कोणाक धरूक नाय! माझी आंघॉळ मी करतलंय. दार लावन, कडी घालून. जमणा नसात तर माका गावाक धाडा!"

गुणाजी बसचे कंडक्टर होते. छताखालची दोरी एकदा ओढली की ड्रायव्हरजवळची घंटा वाजायची टण्‌, गाडी थांबायची. दोनदा ओढली की टण्‌टण्‌, गाडी निघायची. निवृत्तीच्या दिवशी डेपोतल्या दोस्तांनी त्यांना मोडीत निघालेल्या बसची घंटा दोरीसकट भेट दिली होती. ती ट्रंकेत, धोतरात गुंडाळून ठेवलेली. सून मालन हिने ती दोनदा भंगारवाल्यासाठी काढली होती, आणि दोन्ही वेळा म्हातारा जेवला नव्हता.

आता गावाला काय होतं? वर्षभर कुलूप लागलेलं घर, आणि शेवाळलेल्या दगडांची विहीर. तिथे बाबा एकटे आंघोळीला उभे राहिलेत, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की सहदेव हातातलं काम टाकून बाबांकडे एकदा बघून यायचा. इकडे गुणाजींनी आंघोळच बंद केली. पाचव्या दिवशी मालनने देवापुढची उदबत्ती बाहेरच्या खोलीत आणून लावली.

शेवटी तळमजल्यावरच्या रोझारिओला बोलावलं. रोझारिओ प्लंबर, पण साधा प्लंबर नव्हे, सहा वर्षं मस्कतला राहून आलेला प्लंबर. तो मोरीत उभा राहिला, कठड्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि म्हणाला, "सायबा, तिकडं शेखच्या बाथरूममध्ये कठडाच नाय. सगळं सपाट. चालत आत, चालत भायेर. वरून शॉवर."

"चालत?" मालनने विचारलं.

"चालत. बुटांसकट गेलास तरी चालेल."

मालनने आपल्या पायांकडे पाहिलं. तोवर आंघोळीला वाकून, सावरून, एक पाय आधी टाकून जायचं असतं अशीच सगळ्यांची समजूत होती.

"फक्त एक," सहदेव म्हणाला, "बाबा, कडी लावायची नाही. आत पडलात आणि शॉवरच्या आवाजात हाक ऐकू आली नाही तर?"

"कडी नाय तर आंघॉळ नाय," गुणाजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

रविवारी रोझारिओला घेऊन चौघेही घाटकोपरच्या एका दुकानात गेले. दुकान कसलं, देऊळच! काचेचं दार, आत आरशासारखी फरशी. मालनने न सांगता चपला बाहेर काढल्या. ते पाहून सहदेवने काढल्या. मागून येणारं एक कुटुंब चपलांची रांग पाहून थबकलं, आणि त्यांनीही निमूटपणे काढल्या. संध्याकाळपर्यंत त्या दुकानाबाहेर चपलांचा ढीग होता आणि मालकाला त्याचं कारण कळत नव्हतं.

विक्रेत्याने एक चकचकीत चाक फिरवलं. वरून, भल्या मोठ्या चाळणीतून, सरसर पाणी पडू लागलं. सहदेवचे हात आपोआप जोडले गेले.

"आणि बादली कुठे ठेवायची?" मालनने कुजबुजत विचारलं.

"बादली लागतच नाही, वहिनी."

मालन मटकन शेजारच्या कमोडवर बसली. तो विकायचा आहे हे लक्षात येताच ताडकन उठली आणि पदराने पुसूनही ठेवला.

मग एकेक नवल पुढे येऊ लागलं. हातात धरायचा शॉवर निघाला. सहदेवने तो टेलिफोनसारखा कानाला लावून पाहिला. शिंपल्याच्या आकाराची साबणदाणी निघाली. बसून आंघोळ करायला भिंतीतच बसवलेलं संगमरवरी आसन निघालं. पाणी उडू नये म्हणून उभी काच, आणि काचेवर माना गुंफलेले दोन राजहंस! मालनने त्या हंसांना बोटाने हलकेच स्पर्श केला आणि म्हणाली, "अहो, आपल्या घरात?" तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. लग्न झाल्यापासून तिने मोरीत गळक्या नळाखाली कपडे घासले होते हो, तिचं तरी काय चुकलं!

"धरूक काय आसा?" गुणाजींनी विचारलं.

"आजोबा, या टाइल्स बघा. समुद्राचा रंग."

"बरो आसा. पण धरूक काय आसा?"

विक्रेत्याने सोनेरी दांडी दाखवली. गुणाजींनी तिला कंडक्टरच्या मुठीने पकडलं, तसा तो किंचाळला, "सोडा, सोडा! ती टॉवेलची आहे. माणसाचं वजन नाही टाकायचं तिच्यावर!"

सोनेरी दांडीही घेतली. टॉवेलसाठी.

पंधरा दिवस ठोकाठोकी चालली. कठडा फुटला, हंस आले, आसन बसलं. रोझारिओने शेवटचा पेच आवळला, सहदेवने नारळ वाढवला, तोही जिन्यात, कारण आत पाणी सांडलं असतं. मग सोसायटी बघायला आली.

"अगो बाई!" शेजारची शेवंती उंबऱ्यावरच थांबली. "इथं आंघोळ करायची की सत्यनारायण घालायचा?"

चार मजले आले, बाजूची इमारत आली, इस्त्रीवाला आला. सगळे चपला काढून, हात मागे बांधून, आवाज खाली करून आत डोकवायचे. एका आजींनी हंसांपुढे फूल ठेवलं. गुणाजी दारात खुर्ची टाकून बसलेले असत. रांग तुंबली की त्यांचा तो आवाज आपोआप बाहेर पडे. "पुढे सरका! आत जागा आसा! बघून झाला त्येंनी उतरा!"

पण ज्याच्यासाठी हे सगळं केलं, त्याला आत प्रवेश नव्हता. मालनचा थोरला भाऊ दशरथ आणि सुगंधावहिनी पुढच्या रविवारी चिपळूणहून येणार होते.

"दादांनी कोरडं बघितलं पाहिजे हो," मालन हात जोडून म्हणाली. "एकदा पाण्याचे डाग पडले की काय राहिलं? आठच दिवस!"

तेव्हा सहदेव आणि मालन टॉवेल खांद्यावर टाकून शेवंतीकडे आंघोळीला जाऊ लागले, तिच्या मोरीचा कठडा ओलांडून. गुणाजींना तोही ओलांडता येईना. त्यांना ओल्या पंचाने अंग पुसून मिळे. शुक्रवारी त्यांनी ट्रंक पुढे ओढली आणि तिच्यात कपडे भरायला घेतले.

"बाबा, हे काय?" सहदेवने ट्रंकेचं झाकण धरलं.

"सोमवारची गाडी आसा काय बघ," गुणाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणूनच सहदेवला ते खरं वाटलं. त्या रात्री त्याला झोप आली नाही.

रविवारी सकाळी नवराबायको पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले. मालन वाटभर दादांना सांगत होती, "तुम्ही आधी हंस बघा. मग टाइल्स. मग वर बघा." जिना चढता चढता तिला पाण्याचा आवाज आला, सरसर, जोरात. ती तशीच धावली.

न्हाणीघराचं दार बंद. आतून कडी. बाहेर स्टुलावर रोझारिओ चहा पीत बसलेला.

"ओलं केलं!" मालन भिंतीला टेकली. "दादा, ओलं केलं हो!"

सहदेव मात्र पांढराफटक पडला. त्याने दारावर दोन्ही मुठी आपटल्या. "बाबा! बाबा, कडी काढा! बाबा, ऐकू येतंय का?"

आत फक्त पाणी. हाक नाही, खोकला नाही, काही नाही. सहदेवने दाराला खांदा लावला.

"थांब रे," रोझारिओ म्हणाला. "दार मोडशील. जरा वर बघ."

दाराच्या वर, भिंतीवर, ती जुनी घंटा ठोकलेली होती. तिची दोरी झरोक्यातून आत गेली होती. सहदेव बघत असतानाच दोरी ताणली गेली.

टण्‌टण्‌!

सहदेवचा खांदा दारापासून आपोआप सुटला. त्याचा हात वर गेला, धरायला दांडा शोधत. आरडाओरड ऐकून आलेली शेवंती दारातून एक पाऊल मागे सरली. मुंबईच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. चिपळूणचे दशरथदादा तेवढे गोंधळले. "काय झालं? काय वाजलं?"

"काय नाय, दादा. गाडी चालू हाय," रोझारिओने खुलासा केला. "दर दोन मिनिटांनी वाजवतो म्हणालेत. मस्कतला नाय पाहिली मी अशी वस्तू. सकाळी मला म्हणाले, रोझारिओ, तुझ्या शेखाचा सामान झाला, आता माझो लाव."

पुन्हा टण्‌टण्‌. सहदेव घंटेकडे बघतच राहिला. इतकी दुकानं पालथी घातली, इतकी चाकं फिरवून पाहिली, आणि कडी लावूनही बाप सुखरूप आहे हे सांगणारी वस्तू घरातच ट्रंकेत होती! त्याला स्वतःची लाज वाटली आणि बापाचं अपार कौतुक वाटलं. मालननेही रडणं थांबवलं होतं.

मग एकदाच वाजली. टण्‌.

सगळे एक पाऊल पुढे सरकले. कडी सरकली. सहदेवने दार ढकललं.

गुणाजी पंचा नेसून, कडीला हात पोचेल अशा त्या संगमरवरी आसनावर ताठ बसले होते. वरून पाणी पडत होतं. त्यांच्या बाजूला छतापासून फरशीपर्यंत एक साधा लोखंडी पाइप उभा होता, बसमध्ये असतो तसा. एका हाताने तो पाइप धरलेला, दुसऱ्या हातात दोरी. महिन्याभराने अंगावर पाणी पडलेल्या माणसाचा तो चेहरा! सहदेव पुढे वाकला.

"बाबा, पडलात काय?"

"पडतंय कशाक? गाडी मी थांबवलंय." गुणाजींनी साबण पुढे केला. "पाठीक हात पोचणा नाय. चढ लवकर. साबण लाव नि उतर."

सहदेव पँट-शर्टासकट, बुटांसकट आत चढला. चालतच. तो पाठीला साबण लावू लागला, आणि या वेळी तांब्या आपटला नाही.

"जरा जोरात, झिला. हां. थयच."

"सोमवारची गाडी बघायची आहे ना?" सहदेवने साबण लावता लावता विचारलं.

"कोणी सांगल्यान? ही चालू झाली मा आता!" गुणाजी म्हणाले. "झाला. उतर."

सहदेव निथळत बाहेर आला. मागे कडी लागली. टण्‌टण्‌! सुगंधावहिनींनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या होत्या आणि त्या मान वर करून बघत होत्या.

"भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "हे कुठल्या दुकानात मिळतं हो? आमच्या सासऱ्यांसाठी हवंय."

"हंस?" मालनने आशेने विचारलं.

"नाही गं. घंटा."

उत्तर द्यायच्या आधी वरून पुन्हा एकदाच वाजली, टण्‌, आणि दाराच्या फटीतून ओला हात बाहेर आला.

"गो मालन! सोन्याची दांडी बघतंय कवापासून. टॉवेल खय आसा?"

टॉवेल शेवंतीकडे वाळत होता. मालन पदर खोचून धावली.