वयात आलेल्या जटा

"ताई, लिहून ठेव! या वर्षात तुझा भाऊ एकटा राहणार नाही!"

कवळीवाल्यानं फोनवर छाती ठोकून सांगितलं. पलीकडे त्याची थोरली बहीण काहीतरी चिरत होती. सुरी थांबल्याचं इकडे स्पष्ट ऐकू आलं.

"अगबाई! कुणी पसंत पडली की काय?"

"नाही गं. जटा करून घेतोय."

सुरी पुन्हा सुरू झाली. "बरं. जेवत जा वेळेवर," म्हणून ताईनं फोन ठेवला.

कवळीवाला दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवायचा. पुढे डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडात डोकवायच्या, जबड्याचे साचे घ्यायच्या आणि भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून मागे सरकवायच्या. मागे हा एकटा. भोवती फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे मांडलेले, सगळे आ वासून! दिवसभर इतकी तोंडं समोर, पण एक बोलेल तर शपथ! आणि घरी तर आई गेल्यापासून फ्रिजच्या घरघरीशिवाय आवाज नव्हता. केस कापायला जावं, तर न्हावी पाच मिनिटांत मोकळा करायचा आणि ती पाचही मिनिटं स्वतःच्या फोनवर बोलायचा. शेवटी ह्यानं तिथं जाणंच सोडलं. केस वाढत वाढत खांद्यावर आले.

अशात कोपऱ्यावरच्या पार्लरच्या काचेवर त्यानं पाटी वाचली: 'ड्रेडलॉक्स करून मिळतील. अख्खा दिवस लागतो. पुढे दर महिन्याला यावे लागेल.'

येणारेजाणारे ती पाटी वाचून चालते व्हायचे. कवळीवाला वाचून जागच्या जागी विरघळला. अख्खा दिवस! कुणीतरी दिवसभर आपल्या डोक्याला हात लावणार, आणि मध्येच उठून जायची सोय नाही. निदान त्या कुणाला तरी!

पार्लरवाली बाई बोलघेवडी निघाली. केसांचे चौकोन पाडायचे, एकेक बट उलटी विंचरायची, मग क्रोशाच्या सुईनं सुटे केस आत ओढून घ्यायचे, असं तिचं काम चाले आणि त्याच्या दुप्पट वेगानं तोंड. तिनं त्याला तिच्या सासूचं गुडघेदुखीचं सांगितलं, नळाच्या गळतीचं सांगितलं, भावजयीनं परत न केलेल्या पातेल्याचं तर दोनदा सांगितलं. कवळीवाला डोळे मिटून "हो का?" "अरे बापरे!" करत राहिला. असा सुखाचा दिवस त्याच्या वाट्याला कित्येक वर्षांत आला नव्हता.

संध्याकाळी आरशात पाहिलं, तर डोक्यावर बारीक बारीक वेटोळी उभी! घाबरलेल्या साळिंदरासारखी!

"ह्या अजून तान्ह्या आहेत, दादा," ती कौतुकानं म्हणाली. "महिन्याभरात बघा कशा पिंजारतात. मग या."

महिन्याभरात त्या खरंच पिंजारल्या. धुतल्या की बटा सुटायच्या, केस चहूकडे पळायचे, मुळाशी नवे सरळ केस यायचे. कवळीवाला आनंदानं हजर. तिनं पुन्हा दुपारभर मुळं वळली आणि भावजयीचं पातेलं पुढे सरकवलं. मग काही महिन्यांनी जटांना मध्येच गाठी आल्या, कुठे फुगवटे, कुठे पीळ. लांबी वाढायची सोडून चक्क आखडली!

"शिंगं फुटलीत त्यांना!" ती हसून म्हणाली. "वयच तसं आहे. कुणाचं ऐकायच्या नाहीत. आता दोन महिन्यांनी या."

"दोन?" कवळीवाला खुर्चीतच गर्रकन मागे वळला.

वर्ष झालं, तेव्हा जटा भरल्या होत्या. आतून घट्ट, दोरखंडासारख्या, वजनानं आपोआप खाली लोंबणाऱ्या. धुतल्या की दिवसभर ओल्या राहायच्या. पार्लरवालीनं एकेक बोटांत धरून दाबून पाहिली आणि लेकीला नोकरी लागल्यासारखा तिचा चेहरा उजळला.

"झालं, दादा! आता ह्या आपल्या पायावर उभ्या राहिल्या. सहा महिने तरी इकडे फिरकायची गरज नाही!"

कवळीवाला घरी आला आणि फ्रिजसमोर बसला. त्याची घरघर ऐकत बसला.

मग त्यानं एक बेत केला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीचं दार लावून त्यानं एक जट हातात धरली आणि मेण कोरायच्या टोकदार सुईनं उकलायला घेतली. तान्ही जट पाण्यानंसुद्धा सुटते. भरलेली जट म्हणजे दगड! दोन दिवसांत बोटभर सुटली. ती घेऊन तो पार्लरमध्ये गेला.

"झोपेत सुटली," त्यानं सांगितलं.

"झोपेत?" तिनं भुवया उंचावल्या, पण सुई उचलली आणि अर्ध्या तासाचा ऐवज त्याच्या पदरात पडला. पुढल्या आठवड्यात दोन 'झोपेत' सुटल्या. त्याच्या पुढल्या आठवड्यात तीन.

आता इथं एका आजींची ओळख करून द्यायला हवी. कवळीवाल्यानं मनातल्या मनात त्यांचं नाव टोचतंय-आजी ठेवलं होतं. दर बुधवारी त्या यायच्या, कवळी काढून झरोक्यात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "टोचतंय!" कवळीवाला ती भिंगाखाली धरायचा. टोचण्यासारखं काहीही नसायचं. तो उगाच एकदा यंत्रावर फिरवून, एक शब्द न बोलता परत सरकवायचा. त्या दिवशी तर त्या हट्टालाच पेटल्या. "आतून नवा थर द्या. आणि चार वाजता माझ्या लेकाचा व्हिडिओ कॉल आहे. दात नसले तर त्याला वाटेल आई खंगली!"

कवळीवाल्यानं गुलाबी मसाला कालवला, कवळीत भरला, प्लॅस्टरच्या जबड्यावर दाबून बसवला, कडेनं बाहेर आलेला चेपला आणि घट्ट व्हायला टेबलावर ठेवला. तेवढीच फुरसत मिळाली म्हणून तो लगेच टेबलावर मान खाली घालून जटेला भिडला. जट हट्टी, हा तिच्याहून हट्टी. बाकीच्या जटा कुठे लोंबताहेत, याचं भान कुणाला!

"झाली का हो?" झरोक्यातून आवाज आला.

"झाली!" म्हणत त्यानं मान वर केली आणि कवळीही वर आली.

त्यानं मान डावीकडे वळवली. कवळी आली. उजवीकडे वळवली. गालावर दात आपटले! पिळदार जटेचं टोक मसाल्यात बुडून दगडासारखं आवळलं गेलं होतं.

"अहो कवळीवाले," आजी झरोक्यातून बघत गंभीरपणे म्हणाल्या, "माझे दात तुम्हाला चावतायत!"

रस्त्यानं वरात निघाली. पुढे कानाशी दात खुळखुळवत कवळीवाला, मागे पर्स छातीशी धरून आजी, "हळू चला, पडतील!" असं बोळक्या तोंडानं ओरडत. रस्त्यावरचे लोक वळून वळून बघत होते. वर्षभरात पहिल्यांदाच एवढे लोक त्याच्याकडे बघत होते, आणि त्याला वाटत होतं की धरणीनं पोटात घ्यावं!

पार्लरवालीनं त्याला खुर्चीत कोंबलं. तेल लावून पाहिलं, साबण लावून पाहिला, पाय रोवून ओढून पाहिलं.

"आई गं!"

"दादा, हलू नका! दात तुटतील!"

"आणि मान?"

"मानेचं बघू नंतर!" हे आजी म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. चार! आजींनी घाबरून घाबरून बटण दाबलं. पडद्यावर लेक आला, घड्याळाकडे बघतच. "आई, बरी आहेस ना? मी जरा गडबडीत..." आणि त्याचे डोळे विस्फारले. "आई, कुठे आहेस तू? तुझ्यामागे तो कोण? त्याच्या केसांत... दात आहेत?"

"माझे आहेत!" आजींनी अभिमानानं सांगितलं.

मग लेकाला सगळं पहिल्यापासून हवं झालं. आजींनी सांगितलं, पार्लरवालीनं भर घातली, कवळीवाल्यानं खुर्चीतूनच हात जोडून नमस्कार केला. लेक हसता हसता खुर्चीवरून घसरला, त्यानं सुनेला बोलावलं, नातवंडांना बोलावलं. एरवी दोन मिनिटांत "ठेवतो हं" म्हणणारा मुलगा अर्धा तास बोलत होता. फोन ठेवल्यावर आजींनी तो काळा पडदा हलकेच पुसला.

शेवटी पार्लरवालीनं कात्री घेतली. "वर्षभर जपलेली जट हो!" असं हळहळत तिनं टोक कापलं. कवळी आजींच्या हातात पडली. मग तिनं बाकीच्या जटा चाचपल्या आणि तिचे हात थांबले.

"दादा, ह्या झोपेत सुटलेल्या नाहीत. कुणीतरी सुईनं उकलल्यात."

कवळीवाला आरशात स्वतःच्या पायांकडे बघायला लागला. आरशात पाय दिसत नव्हते, तरी बघत राहिला.

"घरी कुणी बोलायला नसतं," तो म्हणाला. "इथं निदान त्या पातेल्याचं कळतं."

पार्लरवालीनं कात्री खाली ठेवली. आणि मग आजी हसायला लागल्या. बोळकं तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत!

"अहो, मग मी दुसरं काय करते? त्या कवळीनं मला एक दिवस टोचलेलं नाही! गुरुवारी चष्मेवाल्याकडे जाते, अंधुक दिसतं म्हणून. शुक्रवारी घड्याळवाल्याकडे. पण तुमच्यापेक्षा ते बरे. चार शब्द बोलतात तरी!"

कवळीवाल्याला हे असं लागलं, की कवळीसुद्धा एवढी लागली नव्हती. वर्षभर तो बोलणारं माणूस शोधत होता आणि वर्षभर एक बोलणारं माणूस झरोक्यातून त्याच्याकडे डोकावत होतं!

"बुधवारी या," तो म्हणाला. "झरोक्यातून नाही. दारानं, आत या. मी बोलेन."

परत येऊन त्यानं कवळीतले केस घाईघाईनं घासून काढले, यंत्रावर फिरवली आणि आजींना दिली. बुधवारपर्यंत तो काय बोलायचं याची फळ्यांवरच्या जबड्यांपुढे तालीम करत राहिला.

बुधवारी आजी आल्या. त्यानं घरून आणलेल्या दुसऱ्या खुर्चीवर त्यांना बसवलं, चहा दिला आणि सुरू झाला. तान्ह्या जटा कशा असतात, त्यांना शिंगं कशी फुटतात, भरल्यावर त्या किती जड होतात, मग ताईचं, मग आईचं, आईच्या शेवटच्या आजारपणाचं, नंतरच्या घराचं. आजींनी चहाला हात लावला नाही. ओठ गच्च मिटून, पर्स मांडीवर धरून, मान हलवत ऐकत राहिल्या. इतका वेळ त्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं! बोलता बोलता त्यानं वर पाहिलं, तर आजींच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

त्यालाही भरून आलं. "आजी," तो कातर आवाजात म्हणाला, "माझ्यासाठी रडू नका हो."

आजींनी दोन्ही हातांनी कवळी उपसून टेबलावर आपटली.

"कधीची थांबलेय तुम्ही श्वास घ्याल म्हणून! अहो, आज खरंच टोचतंय!"